समेट झाला नाही

कौसल्येनं नवऱ्याकडे नांदायला परत जावं म्हणून लालबागेत गावच्या मंडळाची बैठक इतक्यांदा बसली होती, की सतरंजी कुणी अंथरायची आणि चहा कुणाच्या खोलीतून यायचा, हे आता कुणी कुणाला विचारत नसे. मंडळाचे अध्यक्ष नाना गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. मालवणकडच्या त्यांच्या गावची मुंबईतली सगळी माणसं त्यांना मानत. भावाभावांचं फाटलेलं असो की खोलीवरून जुंपलेली असो, नाना दोघांना समोरासमोर बसवत, दोघांचं ऐकत आणि शेवटी म्हणत, "बरां, आता माजां ऐका." की वाद मिटला.

कौसल्येचा वादही दर वेळी मिटला होता. खरं दुखणं तेच होतं.

तिचा नवरा जगदीश गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा. लग्न झालं तेव्हा तो चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहत होता, म्हणून लग्नानंतर ती गावी सासूजवळ राहिली. तो गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आठ-दहा दिवस राहून बोटीनं परत जायचा. दोघांत भांडण असं कधी झालं नाही. भांडण व्हायला लागते तेवढी ओळखच झाली नव्हती.

मग तिला दिवस गेले. बाळंतपणाच्या वेळी सुईण दुसऱ्या गावाला गेलेली. शेजारणी म्हणाल्या, डोली करा, मालवणच्या दवाखान्यात न्या. सासू म्हणाली, "आमका काय पोरां झाली नाय?" सुईण येईपर्यंत थांबायचं ठरलं. ती आली तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगी झाली होती, आणि कौसल्येच्या कुशीत एकदोनदा श्वास घेऊन गेली होती.

जगदीश गणपतीला आला. त्यानं काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. तो गेल्यावर ती एका चुलत्याच्या सोबतीनं बोटीत बसली आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट लालबागला सुंदराबाईकडे आली. सुंदराबाई तिची सख्खी मावशी. नवरा वारल्यापासून गिरणीतल्या बाप्यांसाठी खोलीत खानावळ चालवत होती. तिनं भाचीला काही न विचारता आधी जेवायला वाढलं.

कौसल्या सातवी पास होती. परळच्या एका प्रसूतिगृहात तिला आयाचं काम मिळालं. तिथल्या मेट्रनबाईंनी तिचे हात बघितले, धीर बघितला आणि तिला सुईणीच्या शिक्षणाला बसवलं.

इकडे गावाहून सासूचे निरोप सुरू झाले आणि बैठका बसू लागल्या. पहिल्या बैठकीत नाना म्हणाले, "पोरी, वायच समजून घे. संसार असोच जुळता." ती हो म्हणाली. गावी गेली आणि पावसाळ्यानंतर परत आली. दुसऱ्या बैठकीत सासूनं नीट वागायचं असं ठरलं. ती पुन्हा हो म्हणाली, पुन्हा गेली आणि पुन्हा परत आली. मेट्रनबाईंनी दोन्ही वेळा तिला परत कामावर घेतलं. जगदीश प्रत्येक बैठकीत भिंतीला टेकून बसायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "नाना म्हणतील तसं." बैठक उठताना सगळे खूश असत. हो म्हणणारी दोन माणसं सोडून.

तिसऱ्या खेपेला ती हो म्हणाली आणि गेलीच नाही. तेव्हा जगदीशचा मामा राजाराम खवळला. तो तापट माणूस. भाच्याचा अपमान तो स्वतःचा समजे. त्यानं जगदीशला वकिलाकडे नेलं आणि बायकोनं नांदायला यावं म्हणून सिटी सिव्हिल कोर्टात दावा ठोकला. नानांना वाईट वाटलं. मंडळातली गोष्ट फोर्टातल्या कोर्टात गेली, म्हणजे आपण कमी पडलो असं त्यांनी मनाला लावून घेतलं.

कौसल्येचे वकील शरच्चंद्र गिरगावात राहत. मेट्रनबाईंच्या ओळखीनं ते मिळाले होते. तरुण होते आणि नवा विवाह कायदा त्यांनी नुकता बारकाईनं वाचला होता.

"हे बघा," ते म्हणाले, "आधी न्यायाधीश समेटाचा प्रयत्न करतील. तसं कायद्यानंच सांगितलंय. समेट झाला तर ठीक. नाही झाला तर दावा चालणार. मग उलटतपासणी. तुम्ही मुंबईत कुणाकडे राहता, ड्यूटीवरून कधी येता, कुणाबरोबर येता, सगळं विचारतील. भरल्या कोर्टात. तयारी ठेवा."

भरल्या कोर्टात कुणी मुलीबद्दल विचारलं तर काय सांगायचं, या विचारानं कौसल्येला घास जाईना. मावशी म्हणाली, "त्यापरीस जज्ज सांगात तां ऐक गो. मोटो माणूस तो."

"नानासुद्धा मोठेच आहेत ना, मावशे," कौसल्या म्हणाली. "किती ऐकू?"

तारखेच्या दिवशी दोघी बोरीबंदरला ट्राममधून उतरल्या आणि उन्हातून चालत कोर्टात पोचल्या. व्हरांड्यात राजाराममामा आधीच येऊन बसला होता. जगदीश त्याच्यापासून थोडा दूर, कठड्याशी उभा होता. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. बऱ्याच दिवसांनी बघितल्यामुळे तो तिला वाळलेला वाटला.

पुकारा झाला. न्यायाधीश पारशी होते, वयस्कर. त्यांनी दोन्ही वकिलांचं थोडं ऐकलं आणि मग हात वर केला. "वकील लोक बाहेर बसा. नवरा-बायको माझ्या खोलीत या. फक्त दोघं."

मामा उठायला लागला, तसा पट्टेवाल्यानं त्याला खाली बसवलं.

खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. दोघंही उभीच राहिली. "बसा, बसा," साहेब म्हणाले. मग ती बसली आणि तोही बसला. लग्नातले पाट सोडले, तर दोघं अशी शेजारी शेजारी कधीच बसली नव्हती.

साहेबांचं मराठी मोडकं होतं. त्यामुळे त्यांना आडवळणानं बोलता येत नसे. "इथे बोलाल ते मी लिहून घेणार नाय. कुणाला सांगणार नाय. आता तू बोल." त्यांनी जगदीशकडे बोट केलं. "तुला बायको पायजे?"

"आईचं म्हणणं आहे की..."

"आई इथे नाय. मी तुला विचारतो."

जगदीश टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. "दाव्यात लिहिलंय साहेब. तिनं गावच्या घरी नांदायला यावं."

"ते वकिलानं लिहिलं. तू काय लिहिलं असतं?"

"मी... मी काहीच लिहिलं नसतं. तिला त्या घरात परत जा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माझी मुलगी गेली तिथं."

कौसल्येनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्या पोरीला आजवर सगळ्यांनी 'तां झालां तां' म्हटलं होतं, 'नशीब' म्हटलं होतं. मुलगी कुणी म्हटलं नव्हतं.

"तुम्ही कधी विचारलं नाही," ती म्हणाली.

"काय विचारणार?"

"कशी होती ते."

वरचा पंखा करकरत होता. जगदीशनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "कशी होती?"

"केस पुष्कळ होते. ओले, काळेभोर. आणि कपाळ तुमचं. असं रुंद."

तो रडला. आवाज न करता, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत रडला. कौसल्येच्याही डोळ्यांतून पाणी आलं, पण तिला त्याची लाज वाटली नाही. साहेब खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे, पण त्यांनी घाई केली नाही.

थोड्या वेळानं ते वळले. "असं करा. गावाला कोणी जाऊ नको. मुंबईत खोली घ्या. तू गिरणीत जा, ती दवाखान्यात जाईल. आई गावाला. दोघं राहा. काय?"

इतकं सरळ आजवर कुणीच सुचवलं नव्हतं. मंडळातल्या कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं, की आलं असून कुणी बोललं नव्हतं? कौसल्येनं खरोखर विचार केला. डोळ्यांसमोर एक खोली आणून बघितली, त्यात चूल, खिडकी, आणि संध्याकाळी कामावरून येणारा हा माणूस. तो वाईट नव्हता. आज तर तिला तो पहिल्यांदाच आवडला होता.

"साहेब," ती म्हणाली, "मुंबईला आले तेव्हा हे कुणी म्हटलं असतं, तर धावत गेले असते. आता गेले तर पाहुणीसारखी राहीन. आणि पाहुणीसारखीच निघायची वाट बघत बसेन. ह्यांच्यावर राग नाही माझा. होता, पण आता नाही."

"आणि तू?"

"ती म्हणते ते खरं आहे," जगदीश म्हणाला. "मी तिच्याकडे बघितलं की मला तेच घर आठवतं. तिलाही आठवत असेल. रोज उठून किती आठवायचं?" मग तो म्हणाला, "मला फक्त एवढंच पाहिजे साहेब, की घरी सांगता यावं. जज्जानं स्वतः सांगून बघितलं, तरी जमलं नाही. तेवढं झालं तर मामा आणि आई पुढं काय बोलणार?"

साहेब एकदम हसले. "म्हणजे मी नापास झालो तर तू पास?"

जगदीशही ओलसर डोळ्यांनी हसला. "तसंच काहीतरी."

साहेबांनी फाईल ओढली, इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि त्यांना मराठीत वाचून दाखवल्या. "समेटाचा प्रयत्न केला. समेट झाला नाय." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "मी पुष्कळ समेट केले. रडत आलेले लोक रडत घरी गेले. तुम्ही दोघं तसे दिसत नाय. जा. वकिलाला सांगा, काय ते कागद करेल."

दोघं बाहेर आली, तर सुंदराबाई व्हरांड्यात पदरानं वारा घेत बसली होती. भाची आणि जावई बरोबर येताना बघून, दोघांच्या चेहऱ्यावर हसू बघून ती लगबगीनं उठली. "झालां? देव पावलो गो बाय!"

"नाही झालं, मावशे."

"नाय झालां? मगे हसतास कित्याक?"

कौसल्येला आणखीच हसू आलं.

राजाराममामा मात्र समेट झाला नाही हे ऐकून ताठ झाला. "बरां झालां. आता उभी करतंय तिका पिंजऱ्यात. एकेक प्रश्न विचारतलंय..."

"मामा," जगदीश म्हणाला, "दावा मी काढून घेतोय."

"काय?"

"आत्ताच. वकिलाला सांगतो आणि येतो."

मामानं आवाज चढवला, पट्टेवाला धावत आला. मामा भाच्याच्या नावानं, कोर्टाच्या नावानं आणि शेवटी पारशी लोकांच्या नावानं बोटं मोडत जिना उतरून गेला. जगदीश जागचा हलला नाही. मामाला पाठमोरा बघताना त्यानं मोठा श्वास सोडला, तो कौसल्येला ऐकू आला.

शरच्चंद्रांनी कागदांचा गठ्ठा परत पिशवीत भरला. "इतकी तयारी केली होती मी," ते थोडे खट्टू होऊन म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं. "बरं, ऐका. दावा गेला तरी लग्न आहेच. पण तुमच्या जातीत काडीमोडाची रूढी आहे ना? नव्या कायद्यानं ती मोडलेली नाही. पंचांसमोर रीतसर काडीमोड करा, मी कागद करतो, पंचांच्या सह्या घेऊ. दोघंही मोकळे."

"पंच म्हणजे नानाच," कौसल्या म्हणाली. आणि तिचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

जगदीश त्याच्या वकिलाला सांगून आल्यावर चौघांनी समोरच्या इराण्याकडे चहा घेतला. मावशीनं बशीत ओतलेला चहा फुंकताना जगदीशला विचारलं, "आईक काय सांगशीत?"

"सांगेन. ह्या वेळी मीच सांगेन," तो म्हणाला.

रविवारी मंडळ बसलं. आदल्या वर्षी नाना संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते, तेव्हापासून त्यांचा आवाज अधिकच चढा झाला होता. भिंतीवर समितीचं पोस्टर होतं, त्याखाली ते मांडी ठोकून बसले. राजाराममामा आला नव्हता. त्यानं निरोप धाडला होता की त्याला आता भाचा नाही. खोलीत, दारात, बाहेर गॅलरीत माणसं दाटली होती.

"कोर्टात जावन मोडून इलात?" नानांनी विचारलं. "हंय इतक्या वेळा मी बांधलंय, आणि थंय जावन मोडलात?"

कौसल्येनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी जगदीश बोलला. आज तो भिंतीला टेकलेला नव्हता, पुढं येऊन बसला होता. "मोडलेलांच होतां, नानानू. तुमी बांधत होतास आणि आमी गप बसत होतंव. चूक तुमची नाय. आमी खरां बोललंवच नाय."

दारातून कुणीतरी म्हणालं, "नानानू, दिल्लीवाल्यांचां द्विभाषिक आणि तुमचां ह्यां, दोनय चलत नाय!"

गॅलरीपर्यंत हशा पसरला. नाना आधी रागावून बघू लागले. पण बळजबरीनं जोडलेल्या द्विभाषिक राज्याविरुद्ध तुरुंगात गेलेल्या माणसाला या विनोदावर फार वेळ रागावणं जमलं नाही. त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं, आणि ते गेल्यावर चेहरा एकदम थकल्यासारखा दिसला.

"खरां सांगू?" ते म्हणाले. "पयल्या बैठकीतच माका कळलां होतां, ह्यां जुळाचां नाय. पण बैठक उठवची तर कायतरी ठरवक होयां ना. लोक बसलेले असतत. हो म्हटलां की सगळे घराकडे जातत." त्यांनी कौसल्येकडे बघितलं. "तुका दोनदा मी परत धाडलंय, पोरी. मनात नसताना धाडलंय."

"मीसुद्धा मनात नसतानाच गेले, नाना," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलावलंत म्हणून माझी बाजू ऐकायला माणसं तरी बसली. नाहीतर कोण विचारत होतं?"

नानांनी मान हलवली. त्यांचे खांदे खाली आले. "होय. आता काडी आणा कोणतरी."

काडीमोड प्रत्यक्ष कसा करतात, हे तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. नानांनी लहानपणी एकदा बघितला होता. सुंदराबाईनं खानावळीच्या खराट्यातली एक हीर उपसून आणली, धुऊन, पदरानं पुसून. एक टोक जगदीशनं धरलं, दुसरं कौसल्येनं. हीर जुनी आणि चिवट होती, चटकन मोडेना. वाकली, पुन्हा वाकली. "जोर लाव रे," कुणीतरी म्हणालं, आणि ती तुटली. इतका बारीक आवाज झाला, की मागच्यांना कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "झाला?"

"झाला," नाना म्हणाले.

शरच्चंद्रांनी कागद पुढे केला. सह्या झाल्या. चहा आला. जगदीशनं कप घेतला आणि बाजूला उभं राहून कौसल्येला विचारलं, "शिकून झालं की मोठी नर्स होणार ना तू?"

"सुईण होणार."

"आमच्या गावाकडं सुईण लागते," तो म्हणाला. मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन घाईघाईनं म्हणाला, "तू नको जाऊस. कुणीतरी."

"कळलं मला," ती म्हणाली. "शिकले की तिथल्या कुणाला तरी शिकवीन."

जाताना तो सुंदराबाईच्या पाया पडला. मावशीचे डोळे भरले. जावई म्हणून तिला तो कधीच वाईट वाटला नव्हता. जिन्यावरून उतरताना गॅलरीतल्या पोरांशी त्याचं काहीतरी बोलणं झालं, आणि तो मोठ्यानं हसला. त्याला असं हसताना कौसल्येनं लग्नातही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी करून ती दुपारी घरी आली. त्या दिवशी प्रसूतिगृहात तीन बाळंतपणं झाली होती, आणि एकात मेट्रनबाईंनी तिला पहिल्यांदा पुढं केलं होतं. मुलगा झाला होता, आणि झाल्या झाल्या असा काही ओरडला होता की बाहेर बसलेली त्याची आजी घाबरून उठली होती. हे मावशीला सांगायचं म्हणून ती आली, पण मावशी माशांचं बघत होती. कौसल्या जरा पाठ टेकते म्हणून खोलीच्या कोपऱ्यात चटईवर आडवी झाली आणि तशीच झोपली.

पहिल्या पाळीचे बापये जेवायला आले तेव्हाही ती उठली नाही. एरवी त्यांच्या आरडाओरड्यानं चाळ दणाणते. आज सुंदराबाईनं दारातच तोंडावर बोट ठेवलं. ते एकेक करून आत आले, पाटावर बसले आणि खाली मान घालून जेवू लागले. एकानं कढी मागताना नुसती वाटी पुढं केली. दुसऱ्यानं भात नको म्हणून पानावर हात आडवा धरला. तेवढ्यात कुणाच्या तरी कोपरानं तांब्या कलंडला आणि फरशीवर खणखणला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. सगळ्यांनी वळून कोपऱ्याकडे बघितलं.

कौसल्येनं कूस बदलली, हात गालाखाली घेतला आणि पुन्हा तिचा श्वास संथ चालू झाला. सुंदराबाईनं तांब्या उचलला आणि पुढच्याच्या पानात भात वाढला.